गाठीची फळी

महादेवरावांनी फळीवर बोटाचं पेर आपटलं, कान लावला आणि ती नीलाच्या पुढ्यात टाकली. दुसरी उचलली, तीही ठोकली, आणि ती दुर्गेशच्या पुढ्यात गेली.

"बाबा, त्याची जाड दिसून राहिली," नीला म्हणाली.

"जाड तुही अक्कल आहे," दुर्गेश म्हणाला.

"गप बसा दोघंही. मी देईन ते उचला. एकदा वाटा झाला का फिरवाफिरवी नाही. अन् मंग माह्या दारात पाय ठेवाचा नाही कोणी."

नागपुरातल्या सदर भागातल्या या कारखान्यात तिघं मिळून गिटारी बनवत. पण दिवाळीपासून बहीणभावात विस्तव जात नव्हता. दुर्गेशनं बाहेरून प्लायवूडच्या स्वस्त गिटारी आणल्या, त्यांच्या पोटात बापाच्या नावाची पट्टी चिकटवली आणि विकल्या. नीलानं ते भर गिऱ्हाइकांत बोलून दाखवलं. घरातली गोष्ट घरात बोलायची होती, असं त्याचं म्हणणं. तिच्या मते या चोराच्या उलट्या बोंबा. आता दुकानं वेगळी झाली होती. रंधे, करवती, लाकूड चिकटवायच्या सरसाची भांडी, सगळं वाटून झालं होतं. उरलं होतं ते माळ्यावरचं देवदार.

म्हाताऱ्यानं ते तरुणपणी पठाणकोटहून आणलेलं. पत्र्याखाली नागपूरचे इतके उन्हाळे खाऊन ते असं सुकलं होतं की आता त्याला तडा जायची भीती नव्हती. गिटारीची तबली, म्हणजे पुढचा पातळ पडदा, असल्या लाकडाची असली की नुसत्या टिचकीला बोलते. नीलाला स्वतःच्या नावाची पहिली गिटार याच लाकडाची करायची होती. अर्ध्या नागपूरला गिटार शिकवणाऱ्या मधुवंतीबाईंना तिनं तसा शब्दही देऊन टाकला होता.

फळ्या धुळीनं आणि काजळीनं काळ्या पडलेल्या. गठ्ठ्यांच्या सुतळ्या म्हाताऱ्यानं आधीच सोडून ठेवल्या होत्या. नीलाचं लक्ष मात्र भावाच्या ढिगावर.

"गाठवाली मलेच काहून?" ती एकदा कडाडली.

महादेवरावांनी पुढची फळी दुर्गेशला दिली. तिच्यातही गाठ होती. नीलाचा जीव थंड झाला. आवाजही दोघांच्या फळ्यांचा अगदी सारखाच येत होता. बाप खडूस असला तरी न्यायाचा आहे, असं तिला वाटलं. आठ फळ्या तिच्या, आठ त्याच्या. म्हणजे चार-चार गिटारी.

"तुही गिटार वाजली तर सांगजो," दुर्गेश जाताना म्हणाला. "मिशी उतरवून देईन."

"आधी नीट येऊ तर दे."

प्रतापनगरच्या नव्या दुकानात तिनं त्याच दुपारी रंधा लावला. काजळी गेली आणि खालून मधाच्या रंगाच्या रेषा वर आल्या. तबली नेहमी दोन अर्धांची. एकच जाड फळी उभी चिरायची, वहीसारखी उघडायची आणि दोन्ही पानं मधोमध चिकटवायची. माळ्यावरच्या फळ्या म्हणजे अशी आधीच चिरून ठेवलेली पानंच होती. नीलानं एका फळीला दुसरी लावून पाहिली. जुळेना. तिसरी लावली. आठही फळ्या उलटसुलट करून झाल्या. एकीचंही जोडीदार पान त्यांत नव्हतं.

तिनं गाठवाली फळी हातात घेतली. हीच गाठ, याच जागी, सकाळी तिनं भावाच्या ढिगात पाहिली होती. आणि पाहून खूश झाली होती!

तिनं बापाला फोन लावला. "बाबा, तुम्ही जोड्या फोडल्या!"

"वाटा झाला," म्हातारा म्हणाला. "फिरवाफिरवी नाही." फोन बंद.

तिनं फोन भुशात फेकला. जन्मभर ज्यानं जोड्या सुतळीनं बांधून ठेवल्या, त्यानंच त्या सोडल्या. दुर्गेशच्या दारात जाण्यापेक्षा या फळ्या वाळवीनं खाल्लेल्या परवडल्या. मधुवंतीबाईंना काय तोंड दाखवायचं ते दाखवू.

तेवढ्यात शटरवर थाप पडली.

बाहेर दुर्गेश उभा होता. अंगभर रंध्याचा भुसा, काखेत चादरीत गुंडाळलेल्या फळ्या, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"माफी मांगाले नाही आलो," तो म्हणाला.

"मी देणारबी नाही."

तो आत आला. गाठवाली फळी त्यानं टेबलावर आपटली. नीलानं आपली तिच्याशेजारी सरकवली. रेषेला रेषा लागली, गाठीसमोर गाठ आली. दुर्गेशनं जोडावरून अंगठा फिरवला.

"बाबाचं नाव नाही टाकाचं हिच्यात," तो म्हणाला. "फसवलं म्हाताऱ्यानं आपल्याले."

"नाही टाकाचं," नीला म्हणाली. "सरस तापव."