खाटेखालचा पुरावा

लालबागला गणपतीच्या आगमनाची मिरवणूक निघाली, पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि दीपिकाचे माजी सैनिक बाबा खाटेखाली शिरले. तिने मोबाइलवर ते टिपलं. ही भीती लष्करातल्या नोकरीमुळे नाही, असं वैद्यकीय मंडळाने लिहिलं होतं. लष्करी न्यायाधिकरणाने तेच मानून अपंगत्व पेन्शन नाकारली होती. उद्या हायकोर्टात तारीख. तिने वकीलबाईंना फोन लावला. “मॅडम, व्हिडिओ मिळाला! आता तरी मानतील ना?” “अगं, हायकोर्ट आजार तपासत नाही. न्यायाधिकरणाने कायदा नीट लावला का, एवढंच बघतं. नवा पुरावा घेणार नाहीत.” “मग बाबांकडे बघणार कोण?” सगळी चाळ पुन्हा हादरली. खाटेखालून आलेल्या हाताने तिला मनगटाला धरून खाली ओढलं. बाबांच्या डोळ्यांत तिची ओळखच नव्हती. “डोकं वर काढू नकोस, पोरा,” ते कुजबुजले, “मदत निघालीय.”