पुढचं वाक्य

"वाक्य विसरलं तर पळायचं नाही. जागेवर उभं राहायचं. वाक्य येतं तुम्हाला शोधत."

नाटक बसवणाऱ्या मास्तरांचा हा आवाज थोरल्याने ऐकला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं, आणि राजाच्या नाटकात पहारेकऱ्याची दोन वाक्यं त्याच्या वाट्याला आली होती. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. आवाज तेवढा मागे राहिला. आत्ताही थोरला जागेवर उभा होता. वाक्य त्याला केव्हाच सापडलं होतं, पण ते तोंडाबाहेर यायला तयार नव्हतं.

बंद पडलेल्या वाचनालयात तालीम चालली होती. नाटकात थोरला बाप होता आणि धाकटा त्याचा मुलगा. एरवी दोघं सख्खे भाऊ. थोरल्याची बायको, जिला सगळी मंडळी वहिनीच म्हणत, खिडकीखाली स्टुलावर नाटकाचं बाड घेऊन बसली होती. कोणी अडलं की ती वाक्य देई.

"'खरं सांग, मी तुझ्यापासून कधी काही लपवलंय?'" तिने हळूच दिलं.

थोरल्याने आपल्या जागेच्या खडूच्या फुलीवर पाय नीट जुळवले.

तिने पुन्हा दिलं. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या कपाटांकडे.

"वहिनी, जरा जोरात," धाकटा म्हणाला. "दादाच्या कानात अजून भोंगा वाजतोय."

"झाडू," सुतार कोपऱ्यातून म्हणाला. मंडळी हसली.

"भोंगा म्हणजे काही कारखाना नव्हे."

"मग काय, तुझ्या सासूबाईंची हाक? घे झाडू."

संप सुरू झाला त्या आठवड्यातच फिटरने, म्हणजे दिग्दर्शकाने, नियम घातला होता: या खोलीत जो कारखान्याचा विषय काढेल त्याने खोली झाडायची. पहिल्या दिवसांत फरशी ताटासारखी लख्ख असे. एकाचं झाडून होतंय तोवर दुसरा झाडू घ्यायला उभाच. मग हळूहळू कोपऱ्यांत धूळ दिसू लागली. दाराबाहेर पाऊल टाकलं की तेच सगळं होतं, गेट, घोषणा, रिकामे डबे, कामावर परतलेल्यांना शिव्या. इथे मात्र एक बाप मुलाला न सांगता घर विकायला निघाला होता, आणि संध्याकाळभर सगळ्यांना तेवढीच काळजी पुरत होती. तालमीच्या दिवशी झोप लागते, असं सुतार एकदा चपला घालता घालता बोलून गेला होता.

नाटकातल्या हवालदाराचं काम वेल्डरकडे होतं. तो संप चालू असतानाच कामावर परतला. तालमीला येऊ नकोस, असं त्याला कोणी म्हटलं नाही. कोणी त्याच्याशी बोललंच नाही. "सख्खा भाऊ असता तरी तोंड बघितलं नसतं," धाकटा तेव्हा म्हणाला होता. हवालदाराची वाक्यं आता वहिनीच वाचते.

"राहू दे, पुढे चला," फिटर म्हणाला आणि धाकट्याकडे वळला. "आणि तुझं ते, 'बाबा, तुम्ही आधी बसा.' त्यात राग आहे की माया, मला अजून कळलेलं नाही."

"मला तरी कुठे कळलंय?"

"मग आधी खोली झाड. झाडता झाडता कळेल."

धाकट्याने कपाटामागचा झाडू काढला. थोरल्याने पुढे होऊन तो त्याच्या हातातून घेतला.

"अरे, बोललो मी. तू कशाला?"

"सोड म्हटलं ना."

"थोरले भाऊ असावेत तर असे," सुतार म्हणाला. "आमच्याकडचे नुसते कान पिळायला."

थोरला झाडू लागला. आधी कपाटांखालून, मग भिंतीच्या कडेने. नाटकात बापाची खुर्ची म्हणून ठेवलेलं खोकं त्याने उचललं, खालचं झाडलं, पुन्हा होतं तिथे ठेवलं. सुताराने पाय वर घेतले. उन्हाच्या पट्ट्यात धूळ उठली आणि हळूहळू खाली बसली. एखादा हात फिरवून झाडू टाकून द्यायची इथली पद्धत होती. थोरला कोपरान् कोपरा काढत होता. हसणं थांबलं. वहिनीने मान वर केली नाही. तिचं बोट मघाच्याच ओळीवर होतं.

चपलांपाशी केर गोळा झाला. तो त्याने सुपलीत भरून डब्यात टाकला. मग परत येऊन तो आपल्या खडूच्या फुलीवर उभा राहिला. झाडू हातातच होता.

"उद्यापासून मी कामावर जातोय," धाकट्याच्या तोंडाकडे बघत तो म्हणाला. "काल हजर व्हायच्या कागदावर सही केली. आईची औषधं थांबवून चालणार नाहीत, एवढंच कारण आहे. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती."

झाडू, असं कोणी म्हणालं नाही. खोली झाडून झाली होती.

थोरला फुलीवरून हलला नाही. धाकट्याने आधी चपलांकडे पाहिलं, मग दाराकडे.

वहिनीने बोट एक ओळ खाली सरकवलं. मग नेहमीच्याच हळू आवाजात तिने धाकट्याला त्याचं वाक्य दिलं.

"'बाबा, तुम्ही आधी बसा.'"