लिफ्टसमोरची खुर्ची

लिफ्ट पुन्हा भरून वर गेली. दारावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘फक्त वृद्ध आणि अपंगांसाठी’. आत होते ते सगळे धडधाकट. शेजारचा जिना ओस पडला होता.

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं. त्यांची गाडी वरच्या फलाटावर लागली होती. धाकट्या बहिणीचा जीव त्यांच्या भेटीसाठी अडकला होता, आणि आज तिच्या गावी जाणारी ही शेवटचीच गाडी.

“अहो, आजीला आधी जाऊ द्या ना,” नात केव्हाची विनवत होती.

“आम्हालाही गाडीच गाठायचीय,” कोणीतरी म्हणालं. “हौस म्हणून नाही उभे राहिलो.”

तेवढ्यात एक सुटाबुटातला गृहस्थ वाकून बघू लागला. “बाई ना तुम्ही? ओळखलंत का? तुमच्या वर्गात होतो मी.”

बाईंनी ओळखलं. याचं नाक पुसण्यापासून पाढे घोटून घेण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलेलं. त्यांचा चेहरा फुलला.

“देवासारखा भेटलास रे. माझी गाडी सुटेल. बहिणीचं काही खरं नाही. जरा या लोकांना बाजूला कर.”

“काळजीच सोडा, बाई.” त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. “आज मी जो काही आहे, तो तुमच्यामुळे.”

लिफ्ट आली. त्याने हात सोडला, खांदा पुढे घातला आणि “सरका, सरका” करत माणसं बाजूला सारली. वाट मोकळी झाली. नातीने खुर्ची ढकलेपर्यंत तो आत जाऊन उभाही राहिला होता. त्याच्यामागोमाग बाकीचे घुसले.

“तुम्ही निवांत या, बाई,” तो आतून म्हणाला. “तुम्ही काय, बसलेल्याच आहात. उभं राहायचे हाल आमचे.”

आत हशा पिकला. दार मिटलं.

थोड्याच वेळात डोक्यावरचं छत थरथरू लागलं. गाडी हलली होती. नात मुसमुसत होती. त्याने धरलेला हात बाईंना मांडीवर ठेववेना.

लिफ्ट रिकामी होऊन खाली आली. मागे उभी असलेली एक बाई पिशवी सावरत पुढे आली.

“नशीबवान आहात हो तुम्ही,” ती मायेने म्हणाली. “एवढा मोठा झाला, तरी विसरला नाही तुम्हाला.”

आणि खुर्चीला वळसा घालून ती लिफ्टमध्ये शिरली.