उचल तुझं घर

वाटणीत वडिलांचं लाकडी घर मला आलं, पण त्याखालची जमीन धाकट्या भावाला, पोनिरनला; त्याचं घर तिथेच मागे होतं. मला वर त्या जमिनीपुढची, रस्त्याकडेची केळीची चिंचोळी पट्टी दिली आणि सगळे हसले. वडील जाऊन महिना झाला नाही, तोच पोनिरन गावादेखत म्हणाला, "अक्का, जमीन माझी आहे. उचल तुझं घर."

आमच्या जावा बेटावर घर खाली बांबू बांधून खरंच उचलतात. मी केळी तोडल्या, पानं जेवायला मांडली, नारळाच्या रसात कोंबड्या शिजवल्या आणि गावाला हाक दिली. अशा हाकेला कुणी नाही म्हणत नाही. पोनिरनही आला आणि सगळ्यात पुढचा बांबू त्यानेच खांद्यावर घेतला, इतकी त्याला मला घालवायची घाई.

"अजून थोडं रस्त्याकडे, भाऊ," मी म्हणाले. "आता आडवं करा. टेकवा."

हात झटकून पोनिरन मागच्या आपल्या घराकडे वळला आणि थबकला. त्याच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पाठीमागे ओढा, आणि रस्त्याकडे आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माझं घर.

"अक्का, मी घरी जायचं कुठून?"



"माझ्या दारातून. चपला काढून."