फुंकर

नर्सिंग शिकणाऱ्या तिघी मुलींना बाईंनी एका आजोबांच्या खाटेपाशी उभं केलं. "यांच्या हृदयाचा आवाज ऐका आणि तिघींनी मिळून एकच उत्तर लिहा," असं सांगून त्या शेजारच्या वॉर्डात गेल्या.

पहिली म्हणाली, "ठोक्यामागून कुणी फुंकर घातल्यासारखं येतंय."

दुसरीने बराच वेळ ऐकलं. "मला तर नुसते ठोके येतायत. तुला भास झाला असेल."

"फुंकर आहे," तिसरी म्हणाली, "पण अगदी बारीक."

मग तिघींची चांगलीच जुंपली. प्रत्येकीला आपलेच कान खरे वाटत होते. शेवटी तिसरीने वही मिटली आणि विचारलं, "आजोबा, आम्ही ऐकत होतो तेव्हा तुम्ही कसे होतात?"

"या पहिलीच्या वेळी डाव्या कुशीवर होतो. या दुसरीच्या वेळी उठून बसलो. तुझ्या वेळी उताणा पडलो. एकाच जागी अवघडतं गं."

तिघींनी आजोबांना पुन्हा डाव्या कुशीवर वळवलं आणि आळीपाळीने ऐकलं.

"आहे की," दुसरी पुटपुटली.

बाई परतल्या तेव्हा उत्तराचा कागद कोराच होता. स्टेथोस्कोप आजोबांच्या कानात होता आणि तिघी श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"वीस वर्षं सगळे डॉक्टर सांगतात, छातीत आवाज आहे," आजोबा हळूच म्हणाले. "तो कसा आहे, ते मला आज कळलं."