पडद्याआडची बोली

"हळू घे ना, मिनल! कळ्या गळतील!"

"खड्डे काय मी खणलेत?" टेम्पो चालवता चालवता मिनल ओरडली. "आणि आत बस नीट. कुंड्यांआधी तूच पडशील."

आम्रपाली मैत्रिणीच्या टेम्पोत मागे कुंड्यांच्या मधोमध बसली होती, दोन्ही हात पसरून. कासारवाडी सोडल्यापासून तिनं एकदाही पाठ टेकली नव्हती. डझनभर जास्वंदी होत्या आणि प्रत्येकीवर तिनं स्वतः कलम बांधलेलं. एकाच झाडाला एका फांदीवर लाल फूल, दुसरीवर हळदीसारखं पिवळं. पहिलं कलम धरलं तेव्हा तिनं बिल्डिंगमधल्या सगळ्यांना गॅलरीत नेऊन दाखवलं होतं. लोकांनी आधी चहाची चौकशी केली, मग फुलाची.

नवऱ्यानं, संघर्षनं, तर तेही केलं नव्हतं.

"गॅलरीत टॉवेल वाळत घालायला जागा नाही राहिली," आज सकाळी तो म्हणाला होता. रविवार असूनही चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम होता. निळा युनिफॉर्म घालून तो दारात उभा, आणि ती त्याच्या बाह्यांची बटणं लावत होती. कंपनीतल्या प्रेस मशीनवरच्या अपघातानंतर ते काम तिचंच झालं होतं. आज नेमकं उजव्या बाहीचं बटण तुटलेलं निघालं, म्हणून घाईत हाताला आला तो लाल दोरा घेऊन तिनं ते शिवून दिलं.

"आज लिलावात ही झाडं चांगल्या भावानं गेली तर काढ नर्सरी. मी काही बोलणार नाही," तो म्हणाला. "नाहीतर उद्यापासून पॅकिंगच्या कामावर परत जा. मंजूर?"

"मंजूर."

मंजूर म्हणायला काय जातंय?

चाकणबाहेरच्या मैदानात रोपांचा बाजार गच्च भरला होता. मधोमध बांबूंना एक जाड सतरंजी पडद्यासारखी टांगलेली. घेणारे पडद्यामागे आणि माल पुढे, अशी तिथली जुनी रीत. गिऱ्हाईक सतरंजीखालून नुसता हात पुढे काढणार. अडत्या चिमाजी त्यावर आपलं उपरणं टाकणार, आत बोटं चाचपणार आणि भाव किती चढला ते ओरडून सांगणार. एक बोट म्हणजे शंभर रुपये, पंजा म्हणजे पाचशे. सगळे एकमेकांचे पाहुणे-रावळे. समोरासमोर चढाओढ झाली की लग्नकार्यात तोंडं फिरतात. पडदा असला की भांडण नाही.

आम्रपालीच्या जास्वंदी पुढे मांडल्या गेल्या. गर्दीतून "अरे वा!" ऐकू आलं आणि तिचे कानच तापले.

चिमाजीनं डाव्या टोकाच्या हातावर उपरणं टाकलं. "पंजा!"

उजव्या टोकाशी गेला. "दोन बोटं!"

पुन्हा डावीकडे. "पंजा!"

"दोन बोटं!"

बाकीचे हात एकेक करून मागे गेले. ही दोन टोकं तेवढी मागे हटेनात. भाव असा चढत गेला की मिनलनं आम्रपालीचा दंड घट्ट धरला. दंड दुखत होता, पण सोड म्हणायचं भान कुणाला होतं?

"डावीकडचा माणूस दिलदार आहे," मिनल कुजबुजली. "हा उजवीकडचा बघ. दोनच्या वर जाईल तर शपथ!"

"चेंगट मेला!" आम्रपालीला आता धीर धरवेना. ती पडद्याकडे बघून मोठ्यानंच म्हणाली, "ओ भाऊ, एकदा पंजा उघडा की! हात झडणार आहे का?"

लोक खदखदून हसले. चिमाजी तेवढा हसला नाही.

"ताई, हातावर बोलायचं न्हाई," तो म्हणाला. "ही रीत हाय आमची."

पडद्यामागे क्षणभर काहीच हाललं नाही. मग उजवीकडचा हात पुन्हा आला. पुन्हा दोन बोटं.

"पंजा!" डावीकडून लगेच.

चिमाजी उजव्या टोकाशी थांबला. थोडा जास्तच थांबला. हात आला नाही. त्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "सौदा डावीकडं!"

पडदा बाजूला सारून जयमालाबाई बाहेर आल्या. राजगुरुनगरला त्यांची मोठी नर्सरी होती. "अगं पोरी, मी अजून चढले असते," त्या हसत म्हणाल्या. "अशी कलमं मला दर महिन्याला हवीत. देशील?"

"देईन!" आम्रपाली इतक्या जोरात म्हणाली की शेजारची शेळी दचकली. तिनं मिनलला मिठी मारली, मग जयमालाबाईंनाही. संध्याकाळी घरी संघर्षचं तोंड कसं होईल, हे डोळ्यांसमोर आणून तिला हसू आवरेना. पॅकिंग गेलं खड्ड्यात!

"थांबा ताई," चिमाजी म्हणाला. "हरलेल्याचं रोप ऱ्हायलं."

तीही तिथलीच रीत. शेवटपर्यंत झुंजलेला गडी पडद्याबाहेर यायचा नाही, त्याचं तोंड कुणी बघायचं नाही. पण त्याला रिकाम्या हातानं धाडायचं नाही. मालाच्या धन्यानं स्वतः त्याच्या हातात एक रोप ठेवायचं.

"त्या चेंगटाला?" आम्रपाली हसली. एवढ्या आनंदात राग कुठला धरणार! जादा म्हणून आणलेलं जास्वंदीचं एक बारकं रोप तिनं टेम्पोतून काढलं आणि पडद्याच्या उजव्या टोकाशी जाऊन खाली बसली. "घ्या भाऊ. तुमच्यामुळंच भाव चढला."

सतरंजीखालून हात हळूच बाहेर आला. या वेळी त्यावर उपरणं नव्हतं. अंगठा आणि दोनच बोटं असलेला तो हात, आणि निळ्या बाहीचं बटण लाल दोऱ्यानं शिवलेलं.