अस्सल गावरान

माणसाला खरी चव चुलीवरच सापडते, या सिद्धांतासाठी श्रीकांत निमकरांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं महाबळेश्वर रद्द केलं आणि बायकोला भोरजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रात आणलं. चूल होती. तिच्यावर मनीप्लांट ठेवला होता. ताटात पनीर बटर मसाला आला.

“हे आपल्या कोपऱ्यावरही मिळतं,” एवढंच बोलून वृंदाताई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की निमकरांना पुढे वर्षभर ऐकावं लागे.

निमकर उठून थेट स्वयंपाकघरात शिरले. तिथे केंद्राच्या मालकीणबाई सासऱ्यांना पिठलं-भाकरी वाढत होत्या.

“वहिनी, आम्हाला हेच हवं!”

“अगं बया, पाव्हण्यांना पिठलं? गाव तोंडात शेण घालंल की आमच्या!”

पण निमकर हटेनात. शेवटी बाईंनी नाइलाजानं वाढलं.

निमकरांनी ताट मिरवत बाहेर आणलं, घास घेतला आणि डोळे मिटले. “बघ वृंदा, याला म्हणतात अस्सल चव! शहरात असं पिठलं जन्मात मिळायचं नाही.”

मागोमाग मालकीणबाई मिठाची बरणी घेऊन धावत आल्या. सासऱ्यांना बीपी होतं. पिठलं अळणी होतं.